पारासमोरून तीनशेपन्नास

परभणी जिल्ह्यात पांगरी नावाची गावं पुष्कळ आहेत. त्यांतली ही येलदरीच्या रस्त्यावरून आत वळलं की लागते. मी तिथल्या शाळेत मराठी आणि भूगोल शिकवत होतो. राहायला खोली रंगनाथच्या हॉटेलाच्या माडीवर. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक भट्टी आणि शेवेची बरणी. समोर पिंपळ, पिंपळाभोवती दगडी पार, आणि पारावर सकाळ-संध्याकाळ गावातली कर्ती माणसं. माझ्या खिडकीतून पार दिसायचा आणि पारावरून माझी खिडकी. त्यामुळे गावात काय चाललंय ते मला कळायचं आणि मी काय करतोय ते गावाला.

चंद्रभान या गावचा, पण राहायला येलदरीला. धरणाच्या वीजघरात तो ऑपरेटर होता आणि कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये बायको लक्ष्मीबाई आणि दोन मुलींसह राहायचा. आईबाप मात्र पांगरीतच, पाराच्या पलीकडे बौद्धवाड्यात. बाप सिताराम धरणाच्या कामावर दगड वाहणाऱ्या टोळीचा मुकादम होता. ‘येलदरी आमी बांधली’ असं तो म्हणायचा आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. आता मुलगा तिथे बसून बटणं दाबायचा आणि दिवे लागायचे. दिवे जिल्हाभर लागायचे, बौद्धवाड्यात जरा उशिरा लागले.

शहाऐंशी साली चंद्रभानने परभणीच्या एका डॉक्टराच्या मुलाकडून जुनी मोटारसायकल घेतली. डॉक्टराचा मुलगा पुण्याला शिकायला चालला होता आणि डॉक्टरांना तो तिथे जिवंत पोचायला हवा होता. गाडीला दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर आणि सहा गिअर. लोक तिला नुसतं ‘तीनशेपन्नास’ म्हणत. पेट्रोल ती पीत नसे, ढोसत असे. सहावा गिअर टाकायला पुरेल इतका सरळ रस्ता आमच्या भागात नव्हता. तो शोधत चंद्रभान एकदा परभणीच्या दिशेने गेला आणि परत आल्यावर मला म्हणाला, “झरीच्या पुढं पडला सर सहावा. पण लगेच म्हैस आली.”

पहिल्या दिवशी तो गाडी घेऊन पारासमोरून गेला तेव्हा रंगनाथच्या भट्टीवरचा चहा उतू गेला. रंगनाथचं लक्ष रस्त्याकडे होतं, पण त्याने दोष आवाजाला दिला. पारावर दिनकरराव बसले होते. गावातली सगळ्यात मोठी जमीन त्यांची, आणि बोलणं सगळ्यात हळू. ते म्हणाले, “पोरगं शिकलं, नोकरीला लागलं, गाडी घेतली. चांगलं हाय की.” मग थोडं थांबून म्हणाले, “आवाज लय हाय पण.”

चंद्रभानला हा आवाज हवाच होता. पण त्याने गाडी घेतली होती ती स्वतःसाठी नव्हे. सितारामला मागे बसवून एकदा त्या पारासमोरून जायचं, यासाठी. बस, एवढंच. यात अवघड काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. अवघड हे होतं की सिताराम पाराजवळ उतरायचा.

पूर्वी त्याच्या वाड्यातल्या माणसाने गावात कशावर बसून जायचं नाही, असा नेम होता. तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता, त्यामुळे तो खोडताही येत नव्हता. पुढे सितारामने दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, घरातले देव ओढ्यात सोडले, धरणाच्या कमाईतून सायकल घेतली. हे सगळं त्याने मान ताठ ठेवून केलं. फक्त सायकलवरून येताना पाराअलीकडच्या लिंबापाशी तो उतरायचा, सायकल हातात धरून पार ओलांडायचा आणि पुढे हातपंपाजवळ पुन्हा टांग टाकायचा. याबद्दल दिनकररावांना कुणी विचारलं तर ते खरोखर दुखावल्यासारखे व्हायचे. “आमी कधी म्हनलं का उतर म्हणून? त्योच उतरतो.” आणि हे अगदी खरं होतं. उतरू नको, असंही त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

मधे अठ्ठ्याहत्तर साल येऊन गेलं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा पांगरीत सितारामची कडब्याची गंज जळाली. ती कुणी पेटवली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून चौकशीत कुणालाच ठाऊक नव्हतं. नंतर पारावर शांततेची सभा झाली. सितारामला बोलावणं होतं. त्याला वर बसायला सांगितलं, तर तो म्हणाला, “हितूनच ऐकू येतंय.” सभा संपेपर्यंत तो खाली उभा होता. त्या वेळी चंद्रभान आयटीआयला होता. हे सगळं त्याने सुट्टीत आल्यावर ऐकलं आणि काही बोलला नाही. त्याचा स्वभावच तसा. एखादी गोष्ट बिघडली की तो बोलायचा नाही, पाना शोधायचा.

तर गाडी आली. आठवड्याच्या सुट्टीला चंद्रभान पांगरीला यायचा, बापाला मागे बसवून येलदरीला नातींकडे न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत सोडायचा. जाताना सिताराम लिंबापर्यंत पायीच यायचा. परतीच्या वाटेवर लिंब आला की त्याची खांद्यावर दोनदा थाप पडायची. चंद्रभान गाडी थांबवायचा. म्हातारा उतरायचा, धोतर झटकायचा, पायी पार ओलांडायचा. चंद्रभान पुढे हातपंपाजवळ इंजिन चालू ठेवून उभा राहायचा. मग पुन्हा बसून दोघं वाड्यात.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा चंद्रभानने विचारलं, “बाबा, उतरलात कामून?”

“सीट टोचती,” सिताराम म्हणाला.

दुसऱ्या कुणाला यातलं काय ते कळलं असतं. चंद्रभानने सीट काढली. जिंतूरला जीपच्या गाद्या भरणाऱ्या माणसाकडून तिच्यात नवा फोम घातला, उंची कापून कमी केली, वर मऊ रेक्झिन चढवलं. डॉक्टराच्या मुलाने ती सीट ओळखली नसती. पुढच्या फेरीला सिताराम तिच्यावर बसला, हाताने चाचपून “झ्याक झाली” म्हणाला, आणि लिंबापाशी थाप मारून उतरला.

“आता काय टोचलं?”

“आवाज लय करती रे चंदर. माणसं बसल्याली असत्यात. बरं दिसत न्हाई.”

ज्या आवाजासाठी गाडी घेतली तो आवाज घालवायला चंद्रभान परभणीला गेला. तिथे स्टेशन रस्त्याच्या मागच्या गल्लीत रऊफमिस्त्रीचं गॅरेज होतं. रऊफमियाँ लांबून येणारी गाडी नुसती ऐकून कुठला पिस्टन घासतोय ते सांगायचे, आणि अनेकदा ते चुकीचं निघायचं, पण सांगण्याची ऐट अशी की लोक पिस्टन बदलून घ्यायचे. चंद्रभानची मागणी ऐकून त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

“क्या चंद्रभानभाई! सारे लोगां आको बोलते, रऊफमियाँ, सायलेन्सर की नळी निकालो, आवाज खुलने दो. तुम बोलते, बंद करो?”

“बंद नाही मियाँ. कमी.”

“वोइच. शेर कू बोलते, खाँस के दिखाव.”

तरी त्यांनी दोन्ही सायलेन्सर काढले, आतल्या नळ्या तेल-काजळी जाळून साफ केल्या आणि त्यांच्यावर तारेने अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून परत बसवल्या. आवाज खाली आला. आता ती गाडी दूध तापल्यासारखी वाजायची. सितारामने तिचं कौतुक केलं आणि लिंबापाशी उतरला. या वेळी कारण निघालं की मागे टेकायला काही नाही, पडायची धास्ती वाटते.

चंद्रभानने वीजघराच्या वेल्डरकडून अर्ध्या इंची पाइपची पाठ जोडून घेतली, तिला गादी लावली. पाय ठेवायला रुंद पत्र्याचे पायदान केले. मागचे शॉकअप मऊ केले. धोतर चाकात जाऊ नये म्हणून जाळी बसवली. हे एका दिवसात झालं नाही. एकेका कारणाला दोन-दोन पावसाळे जात होते, कारण सिताराम कारण देण्यात घाई करत नसे आणि चंद्रभान दुरुस्तीत. त्या काळात गाडी हळूहळू मोटारसायकलीपासून दूर आणि आरामखुर्चीच्या जवळ येत चालली.

मग ते सगळ्यात मोठं कारण आलं. “लय जोरात नेतूस बाबा तू.”

“बाबा, गावात मी दुसऱ्याच गिअरात असतो.”

“आसंल. पोटात गोळा येतो.”

यावर मात्र उपाय गाडीच्या मुळाशी हात घालणारा होता. रऊफमियाँनी मागच्या चाकाचं स्प्रॉकेट काढून त्याच्या जागी जास्त दातांचं, ताटाएवढं स्प्रॉकेट बसवलं. चेन लांब केली. कार्बोरेटरचे जेट बारीक केले. असं केलं की गाडी ओढायला ताकद लावते, पण पळत नाही. काम झाल्यावर मियाँनी स्वतः चक्कर मारून पाहिली आणि गाडी अशा काही नजरेने स्टँडला लावली की जणू मयताला आले होते.

“इससे अच्छा तो हेला लेना था. पेट्रोल बी नै लगता.”

चंद्रभान म्हणाला, “मियाँ, माणूस चालतो तेवढ्या वेगाने नीट चालली पाहिजे. बंद नाही पडली पाहिजे.”

“बारात में नाचने की है क्या?”

“तसंच समजा.”

अशा रीतीने ती जिल्ह्यातली सर्वांत जास्त सुधारलेली आणि सर्वांत हळू तीनशेपन्नास झाली. येलदरीच्या चढावर तिला एकदा एसटीने मागे टाकलं. त्या ड्रायव्हरने ही हकीगत जिंतूर डेपोत सांगितली तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही.

हळू चालवण्याची किंमत प्लग मोजत होते. हे इंजिन पळण्यासाठी केलेलं. रांगायला लावलं की त्यातलं तेल पुरतं जळत नाही, प्लगवर काळं चिकटतं आणि मग ठिणगी पडत नाही. म्हणून दर सुट्टीला चंद्रभान बापाच्या अंगणात पोतं अंथरून बसायचा. प्लग काढायचा, पॉलिशपेपरने घासायचा, पेट्रोलमध्ये बुडवायचा, फुंकर मारायचा. कार्बोरेटर खोलून त्याचे तुकडे आईच्या परातीत मांडायचा. मीही कधी जाऊन बसायचो. एकदा त्याची आई सरजाबाई ज्वारी पाखडत होती. परातीकडे पाहून ती म्हणाली, “काय काय काढायलाय रे तिच्यातून? बाळंतीण करायलाय का तिला?”

“आवाज येतोय बारीक. बाबांना आवडत न्हाई.”

सरजाबाईने सूप थांबवलं. “तुजा बाप सायकलवरून बी तिथंच उतरायचा. तवा सायकलीला काय सायलेन्सर व्हता?”

चंद्रभानने वर पाहिलं नाही. “आई, ती पक्कड दे.”

आईने पक्कड दिली. सिताराम भिंतीला टेकून बिडी ओढत होता. त्याने धूर सोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “गुरुजी, अवंदा पाऊस कसा म्हंता?”

म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं. पण बापाला ते कबूल करायचं नव्हतं आणि मुलाला बापाकडून ते कबूल करवून घ्यायचं नव्हतं. मधे गाडी होती म्हणून बरं. तिच्यावर सगळं घालता येत होतं.

एकदाच चंद्रभानने वेगळा प्रयत्न केला. लिंबापाशी खांद्यावर थाप पडली, ती त्याला कळलीच नाही असं त्याने केलं. गाडी तशीच पुढे. सिताराम चालत्या गाडीवरून उतरला. पायदान रुंद होतं, सीट खाली होती, वेग माणसाच्या चालीचा होता, त्यामुळे सत्तरीच्या त्या माणसाला काहीच त्रास झाला नाही. चंद्रभान हातपंपापर्यंत पोचल्यावर वळून बघतो तो मागे गादीची पाठ तेवढी उरलेली, आणि बाप पाराखालून मजेत चालत येतोय. पारावर बसलेल्या व्यंकटरावांनी म्हटलंसुद्धा, “चंद्रभान, गाडी मस्त केलीस बाबा. मानसाला चढाय-उतराय लय सोपी.”

व्यंकटराव सोसायटीचे चेअरमन. बोलण्यात टोमणा कुठला आणि कौतुक कुठलं हे त्यांनाही नंतर आठवत नसे.

चौऱ्याण्णवचा जानेवारी आला. अठ्ठ्याहत्तर साली ठरलेलं विद्यापीठाचं नाव अखेर पाटीवर आलं, तेही विस्तार होऊन. बौद्धवाड्यात लाडू वाटले गेले, ते वाड्यातच. गावात काही होऊ नये म्हणून पोलिसांची एक गाडी येऊन पाराशेजारी उभी राहिली आणि चार माणसांनी एकत्र बसायचं नाही असं सांगण्यात आलं. माझ्या आठवणीत पार पहिल्यांदाच रिकामा पडला. दिनकरराव घरी बसून राहिले. व्यंकटरावांना घरी बसायची सवय नव्हती, ते दिवसभर अंगणात फेऱ्या मारायचे. पोलीस रंगनाथच्या हॉटेलात शेव खात बसायचे. पारावर एक पिवळं कुत्रं तेवढं झोपायचं.

त्या आठवड्यात एका दुपारी मी खिडकीत उभा होतो. चंद्रभानची गाडी दुधाच्या आवाजात आली. लिंबाजवळ थांबली. सिताराम उतरला, धोतर झटकलं, चालायला लागला. पारासमोर आला. तिथे तो थांबला. पाराकडे बघितलं. कुत्र्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

सिताराम बराच वेळ उभा होता. चंद्रभान हातपंपावरून गाडी ढकलत परत मागे आला. त्याला वाटलं, बापाला काही होतंय.

“काय झालं बाबा?”

“कुनीच न्हाई की रे हितं.”

“न्हाई. पोलिसांनी उठवलंय सगळ्यांना.”

“मंग मी उतरलो कशापायी?”

चंद्रभानने सवयीने गाडीकडे बघितलं. पण तिच्यात आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“कुत्र्यापायी उतरलो मी,” सिताराम म्हणाला. तो चिडलेला नव्हता. एखाद्या हिशेबात चूक सापडावी तसं म्हणाला. आणि मग त्याला हसू आलं. “ह्येच्या आयला. कुत्र्यापायी.”

हॉटेलातून एक पोलीस बाहेर येऊन म्हणाला, “ओ बाबा, थांबू नका हितं, गर्दी करू नका.” बाप, मुलगा आणि कुत्रं मिळून ती गर्दी होती.

त्या संध्याकाळी सिताराम अंगणात चंद्रभानला म्हणाला, “तुजं चुकलंय.”

“माजं?”

“तू गाडी हळू केलीस. हळू गेलं की लिंब येतोय, मंग पार येतोय, मंग मानसं बघत्यात. तवर पाय आपसूक खाली येतोय. माजं ऐकतच न्हाई त्यो. धा-बारा वर्साचा व्हतो तवाचा शिकल्याला हाय.” पाय शेजाऱ्याचा असावा तसं त्याने त्याच्याकडे बघितलं. “उतरायला जागाच ठिऊ नको. मूळची कशी व्हती तशी कर. पयल्या दिवशी आनली तशी.”

“तुमीच म्हनले ना, पोटात गोळा येतो?”

“येऊ दे. गोळा पोटात येतो, पायात न्हाई.”

चंद्रभान परभणीला गेला तेव्हा रऊफमियाँनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग त्यांनी उठून हात धुतले, जे ते एरवी फक्त नमाजाच्या आधी करत. ताटाएवढं स्प्रॉकेट काढून मूळचं बसवलं. जेट मूळचे घातले. सायलेन्सरमधली दोरी ओढून बाहेर काढली आणि नालीत फेकली. पॉइंट घासून टायमिंग बांधलं. किक मारल्यावर गल्लीतली कबुतरं उडाली. मियाँ डोळे मिटून ऐकत राहिले. म्हणाले, “इत्ते सालां बीमार था बिचारा.” फक्त सीट, पाठ आणि पायदान चंद्रभानने काढू दिलं नाही. बाप त्यावर बसणार होता.

पोलिसांची गाडी गेली, पार पुन्हा भरला. माघातली सकाळ होती. दिनकरराव, व्यंकटराव आणि आणखी पाचसहाजण उन्हाला पाठ करून बसले होते. मला आदल्या दिवशी चंद्रभानने सांगून ठेवलं होतं, “सर, उद्या सकाळी खिडकीत ऱ्हावा.” मी राहिलो. आधी आवाज आला. मग लिंब. लिंब आणि पार यांच्यामध्ये काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण काही होण्याइतका वेळच तिथे नव्हता. एक लांब किंचाळी, पांढरं काहीतरी, धुरळा, आणि रंगनाथच्या कोंबड्या माझ्या जिन्यात.

धुरळा बसल्यावर पारावर चर्चा सुरू झाली.

“चंद्रभान व्हता.”

“त्ये तर झालंच. मागं कोन व्हतं?”

“सिताराम व्हता की.”

“सिताराम? सिताराम कसा आसंल?” व्यंकटराव म्हणाले. “पोतं व्हतं. खताचं.”

“पोत्याला पटका कुठून आला मंग?” रंगनाथने खालून विचारलं.

“पोत्याचं त्वांड बांधायला कापड आसतंय.”

दिनकररावांनी निकाल दिला. “सिताराम हितं उतरल्याबिगर जाईल का? पोतंच आसंल.”

रंगनाथ हा चहासोबत बातमीही पोचवणारा माणूस. दुपारच्या आत ती बौद्धवाड्यात पोचली. सिताराम त्या वेळी अंगणात बसून, सकाळी पोटात आलेला गोळा खाली बसायची वाट पाहत होता आणि एकंदर खुशीत होता.

“पोतं म्हनले?” तो म्हणाला.

“खताचं,” रंगनाथने तपशील पुरवला.

सिताराम उठला. पटका पुन्हा बांधला. “चंदर, गाडी काढ. परत एकडाव न्हे. आता हळू.”

“बाबा, आता ती हळू जात न्हाई. मूळची केलीय.”

“जाईल तितकी हळू न्हे. नीट दिसंल आसं.”

चंद्रभान बापाला घेऊन गावाला वळसा घालून ओढ्याच्या वाटेने लिंबापर्यंत गेला आणि तिथून त्यांनी पाराकडे यायला सुरुवात केली. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून. मूळची झालेली ती गाडी असं चालणं सहन करणारी नव्हती. ती अडखळायची, उसळायची, शिंकायची. मागून निळा धूर. चंद्रभानच्या कपाळावर माघात घाम. खांद्यावर मात्र थाप पडली नाही. सितारामचे दोन्ही हात मांड्यांवर होते आणि पाय पायदानावर इतके दाबलेले की पत्रा वाकेल की काय असं वाटावं.

बरोबर पारासमोर प्लग काळे पडले आणि गाडी बंद झाली.

मग जी शांतता झाली तिच्यात पिंपळाची पानं ऐकू आली. पारावरचे सगळे बघत होते. सिताराम बसलेला होता. गाडीवर बसलेल्या सितारामकडे एवढा वेळ, एवढ्या जवळून कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं.

चंद्रभान हळूच म्हणाला, “बाबा, उतरा जरा. किक मारायचीय.”

“मार की.”

“तुमी बसल्यावर तोल राहत न्हाई.”

“मला राह्यतोय.”

चंद्रभानने एक पाय जमिनीवर रोवून, गाडी आणि बाप दोन्ही तोलून किक मारली. इंजिन फुस्स म्हणालं. पुन्हा मारली. किक उलटी आली आणि त्याच्या पोटरीवर बसली. धूर पारावर जात होता.

दिनकररावांना राहवलं नाही. ते मनापासून बोलले, त्यात वाईट काही नव्हतं. “आरं सिताराम, उतर की. पोराला तरास हुतोय.”

इतक्या वर्षांत पारावरून सितारामला ‘उतर’ असं तोंडाने म्हटलं गेलं ते हे पहिल्यांदा. दिनकररावांच्या ते बोलून झाल्यावर लक्षात आलं असावं, कारण ते लगेच खोकले. पण खोकला धुराचाही असेल.

सितारामने मान वळवली. “न्हाई उतरत, दिनकरराव,” तो म्हणाला. जन्मभर ज्यांना तो मालक म्हणत आला त्यांना. आवाज चढला नव्हता. आणखी भाकरी नको म्हणावं तसा. “पोतं उतरतंय का आपल्या आपन?”

रंगनाथ फडक्यात तोंड घालून आत गेला.

तेवढ्यात जिंतूरची एसटी आली आणि मागे उभी राहून हॉर्न द्यायला लागली. रस्ता तेवढाच. गाडी सुरू होईना, म्हातारा उतरेना. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. हा तोच ड्रायव्हर, ज्याने चढावर या गाडीला मागे टाकलं होतं. “ओ, ढकला की कुनीतरी! काय बघायलात बसून?”

कंडक्टर उतरला. रंगनाथ आला. मग व्यंकटराव पारावरून खाली आले, कारण त्यांना त्याच एसटीने जिंतूरला बँकेत जायचं होतं. तिघांनी मागून हात लावला. व्यंकटरावांचा हात नेमका गादीच्या पाठीवर होता. दिनकररावांनी हात लावला नाही. पण धूर इतका झाला की तेही धोतराचा सोगा नाकाला लावून पारावरून खाली उतरले आणि बाजूला उभे राहिले. पार पुन्हा रिकामा झाला. या वेळी पोलीस नव्हते.

गाडी चार हात ढकलली गेली. चंद्रभानने क्लच सोडला, एक सिलिंडर लागला, मग दुसरा. गाडी किंचाळत पुढे गेली आणि मागे ढकलणारे तिघं धुरात नाहीसे झाले. सितारामने वळून पाहिलं नाही. हातपंपावर पाणी भरणाऱ्या बायांनी सांगितलं की तो हसत नव्हता, पाठीला टेकून बसला होता.

पुढच्या सुट्टीला मी वाड्यात गेलो तेव्हा चंद्रभान पोतं अंथरून प्लग घासत होता. परात होती, सरजाबाई होती, सिताराम भिंतीला टेकून होता.

“बाबा,” चंद्रभान म्हणाला, “आता कशी ठिवू? जोराची का हळूची?”

“कशीबी ठेव,” सिताराम म्हणाला. बिडी विझली होती, ती त्याने कानामागे खोचली. मग जरा विचार करून म्हणाला, “सीट तेवढी उंच कर. लय खाली केलीस तू. पार नीट दिसत न्हाई तिच्यावरून.”

चंद्रभान पाना शोधायला उठला.